आमची वाटचाल : चालता सर्व्हर बदलताना

पुस्तकांची मांडणी करून देणारी आमची फर्म २००८ साली सुरू झाली, तेव्हा दोन कॉम्प्युटर होते आणि फायली पेनड्राइव्हवरून इकडून तिकडे फिरायच्या. कामं वाढली तशा एकाच पुस्तकाच्या चार प्रती चार जागी दिसू लागल्या. एकदा मुद्रितशोधन न झालेली प्रत छपाईला गेली. ती आवृत्ती आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा छापून दिली आणि २०१३च्या जूनमध्ये पहिला फाइल सर्व्हर उभा केला.

यंत्र साधंच. अ‍ॅटम प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, २ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. एकीवर लिहिलेलं दुसरीवरही जसंच्या तसं लिहिलं जाईल अशी मिररिंगची जोडणी. वर डेबियन ७ ही लिनक्स सिस्टिम, आणि फायली विंडोजला दिसाव्यात म्हणून सांबा हा प्रोग्रॅम. टेबलाखालच्या त्या काळ्या पेटीने पुढच्या दहा वर्षांत आमची एकही फाइल हरवली नाही. लेखकाचा फोन यायचा, "पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे, दुसरी आवृत्ती काढायची आहे, फायली असतील का हो?" आणि बोलता बोलता फोल्डर उघडून आम्ही "आहेत" म्हणायचो. आमच्या धंद्यात हा शब्द म्हणजे पत. ती आम्हाला त्या पेटीने मिळवून दिली, असं मी मनापासून मानतो.

म्हणूनच सर्व्हर बदलायचा विषय निघाला की मी तो पुढे ढकलायचो. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? २०२३च्या सुरुवातीला मात्र विंडोज ११चा नवीन कॉम्प्युटर आला आणि त्याला सर्व्हर उघडताच येईना. आमचा जुना सांबा एसएमबीच्या, म्हणजे नेटवर्कवर फायली देण्याघेण्याच्या भाषेच्या, पहिल्या आवृत्तीत बोलत होता, आणि विंडोज १०च्या २०१७मधल्या एका अपडेटपासून ती आवृत्ती नव्या विंडोजमध्ये मुळात बसवलेलीच नसते. हवी तर चालू करता येते, दोन मिनिटांचं काम. पण मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीतल्या खिंडारातून. ती वाट नको, हे लगेच ठरलं. त्याऐवजी सांबाच्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलून एसएमबीची दुसरी आवृत्ती चालू केली, कॉम्प्युटर जोडला गेला आणि त्या दिवसाचं काम सुरू झालं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कितीतरी वर्षांनी सर्व्हरची नीट तपासणी केली. डेबियन ७ला मिळणारे सुरक्षा अपडेट मे २०१८मध्येच थांबले होते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तो स्मार्ट अहवाल काढला. चालू असल्याचे तास ८४ हजारांच्या वर, म्हणजे साडेनऊ वर्षं जवळजवळ अखंड. एका डिस्कवर काहीही तक्रार नाही. दुसरीवर ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे वाचता न आलेल्या जागा, ८. डिस्कवरचा प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा आणि मोजणी ५१२ बाइटच्या हिशेबाने, म्हणजे ८चा अर्थ एकच जागा वाचता येत नाहीये. एवढीशीच जागा, पण ती कोणत्या पुस्तकातली, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवून ते सांगितलं आणि निर्णय झाला. सर्व्हर बंद पडायची वाट पाहायची नाही, धडधाकट आहे तोवरच बदलायचा. बंद पडलेल्या यंत्राला काही विचारता येत नाही. चालत्या यंत्राशी नव्याची ताडणी करता येते, हवी तितक्या वेळा.

नव्या यंत्रात ८ टीबीच्या दोन डिस्क, पुन्हा मिररिंग, स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी आणि सिस्टिमसाठी वेगळी एसएसडी घेतली. डिस्क घेताना एक गोष्ट बारकाईने पाहिली: कौलांसारखे ट्रॅक एकमेकांवर चढवलेल्या, शिंगल्ड पद्धतीच्या डिस्क नकोत. मिरर पुन्हा भरायची वेळ आली की त्या फार रेंगाळतात. डिस्कवर फायली कशा ठेवायच्या ते सांभाळणारी फाइल सिस्टिम झेडएफएस ठेवली. जुन्या मिररिंगमध्ये प्रती दोन असायच्या, पण त्या वेगळ्या निघाल्या तर खरी कोणती हे त्याला सांगता यायचं नाही. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ठेवते, त्यामुळे बिघडलेली प्रत तिला ओळखता येते आणि चांगल्या प्रतीवरून दुरुस्तही करता येते.

जुन्याला हात लावण्याआधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घेऊन तो ऑफिसबाहेर नेऊन ठेवला. मिररिंगला बॅकअप समजायची चूक फार जण करतात. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते.

कॉपी आरसिंक या प्रोग्रॅमने करायची होती. १९९२मधला सांबा आणि १९९६मधला आरसिंक, दोन्हींच्या मुळाशी अँड्र्यू ट्रिजेल हे नाव आहे. आमच्यासारखी किती छोटी ऑफिसं त्या कामावर उभी आहेत, हे या निमित्ताने जाणवलं आणि फार कृतज्ञ वाटलं. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबी मिळतात. त्या हिशेबाने आमचा १.७ टीबीचा साठा साडेचार तासांच्या आत जायला हवा होता. लागले १९ तास. फायली ११ लाखांवर आणि बहुतेक लहान लहान, त्यात प्रत्येकीची उघडझाप. सुरुवातीला एसएसएच या सुरक्षित, सगळं सांकेतिक करून पाठवणाऱ्या जोडणीतून पाठवत होतो, तर जुन्या प्रोसेसरचा सगळा जीव एन्क्रिप्शनमध्येच जायला लागला. तासाभरात ते थांबवलं आणि फक्त या दोन यंत्रांमध्ये थेट केबल टाकून आरसिंकचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा आणि एन्क्रिप्शन न करणारा भाग, लावला.

रात्री सव्वादोनला जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, एक ओळ उमटली: ‘रीड एरर करेक्टेड, ८ सेक्टर’. तीच ती जागा. दुसऱ्या डिस्कला वाचता आलं नाही, तेव्हा मिररिंगने पहिलीवरून मजकूर घेतला, पाठवला आणि बिघडलेल्या जागी पुन्हा लिहूनही टाकला. स्मार्ट अहवालात पेंडिंगचा आकडा शून्यावर आला होता. मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलो.

मग ताडणी. फायलींची संख्या मोजली, तर नव्या सर्व्हरवर ११ कमी. आरसिंक पुन्हा चालवला, चेकसम ताडायला लावून. दर वेळी त्याच त्या फायली पुन्हा कॉपी होत, आणि संख्या मात्र ११नेच कमी राहत होती. नावं काढून एकाखाली एक लावली, तेव्हा मांडणी करणाऱ्या आमच्या ताईंनी बोट ठेवलं. "सगळ्यांत ऱ्या आहे बघा," त्या म्हणाल्या. दुसऱ्या आवृत्तीचं मुखपृष्ठ, तिसऱ्या भागाची चित्रं, अशीच सगळी नावं.

खरं कारण तेच होतं. अक्षरांना संकेतांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच संकेतांक म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन संकेतांक म्हणून. पडद्यावर फरक दिसत नाही. मॅकवर काम करणाऱ्या चित्रकारांकडून झिपमध्ये आलेल्या फायलींची नावं दुसऱ्या तऱ्हेची होती, आमची पहिल्या. जुन्या सर्व्हरला ती दोन निराळी नावं वाटत, म्हणून एकाच फोल्डरमध्ये सारख्याच नावाच्या दोन फायली सुखाने राहत होत्या. झेडएफएस उभारताना मी नॉर्मलायझेशनचा पर्याय चालू केला होता. त्यामुळे तिच्या लेखी ते एकच नाव, आणि मागून येणारी फाइल आधीचीवर लिहिली जात होती. एका ठिकाणी तर लेखकाने मंजूर केलेलं मुखपृष्ठ जाऊन त्याजागी पहिला कच्चा नमुना उरला होता. जुना सर्व्हर समोर चालू होता म्हणून त्या ११ जोड्यांची नावं तिथेच बदलली आणि पुन्हा कॉपी केली. संख्या जुळली.

पुढचे आठ दिवस रोज रात्री फक्त बदल पाठवत होतो. शनिवारी दुपारी जुना सर्व्हर ‘फक्त वाचा’वर टाकला आणि शेवटची फेरी केली. जुन्यावरून पुसलेल्या फायली नव्यावरूनही पुसणारा पर्याय त्या वेळी लागतो; त्याआधी कोरडी फेरी, म्हणजे काहीही न बदलणारी चाचणी, काढून काय पुसलं जाणार त्याची यादी ओळ न् ओळ वाचली. यात दिशा उलटी झाली तर होत्याचं नव्हतं होतं. अर्ध्या तासात काम आटोपलं. मग नव्याला जुन्याचंच नाव, तोच आयपी पत्ता, शेअर केलेल्या फोल्डरची तीच नावं दिली. मांडणीच्या फायलीत प्रत्येक चित्राचा पूर्ण पत्ता साठवलेला असतो. सर्व्हरचं नाव बदललं असतं तर शेकडो पुस्तकांतली चित्रं एकदम बेपत्ता झाली असती. ताईंनी सर्वांत जास्त चित्रांची ४० पुस्तकं निवडून रविवारी एकेक उघडून पाहिली. एकही चित्र तुटलं नव्हतं. सोमवारी बाकीच्यांनी नेहमीसारखं काम सुरू केलं.

आता दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे फायलींची त्या क्षणाची जपलेली स्थिती, निघतो. मध्यंतरी एका सहकाऱ्याच्या हातून तयार सूचीवर जुनी सूची लिहिली गेली. तासाभरापूर्वीची प्रत दोन मिनिटांत परत मिळाली. आधी असं झालं असतं तर आदल्या रात्रीच्या बॅकअपवर भागवावं लागलं असतं.

जुना सर्व्हर आम्ही पुसला नाही. वायर काढून तीन महिने तसाच ठेवला, लागलाच तर असावा म्हणून. तीन महिन्यांनी डिस्क काढण्याआधी शेवटचा चालू केला. कधी तक्रार न केलेली पहिली डिस्क फिरलीच नाही. नुसता टकटक आवाज येत राहिला. पेंडिंग सेक्टरवाली दुसरी लगेच सुरू झाली, आणि सगळी पुस्तकं तिच्यावर जागच्या जागी होती. ती डिस्क मी कागदात गुंडाळून, वर तारीख घालून, माझ्या खणात ठेवली आहे.