दोन वाटे

आज दुपारी ओट्यावर पाच वर्षांची लेक एकटीच बोलत होती. भुईमुगाच्या शेंगांचे दोन वाटे केले, "हे तुझे, हे माझे." समोर कुणी नाही. कळण्याच्या पिठात माझा हात तसाच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "काय व्हयनं व माय?" मला बोलवेना.

तिच्या पप्पांना स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित आहेत, केळीची बाग तेच सांभाळतात. पण त्यांना नसलेले आवाज ऐकू यायचे, ते दिवस मी विसरलेले नाही.

संध्याकाळी जळगावला डॉक्टरांना फोन केला. या वयात मनातली मैत्रीण असणं नेहमीचंच, म्हणाले. हा आजार लहानपणी क्वचितच सुरू होतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण 10 टक्के, एरवी 1 टक्का. म्हणजे शंभरातल्या नव्वद मुलांना होत नाही! इतकी वर्षं मी फक्त दहाच मोजत होते. पुढे गांजासारख्या नशेपासून जपा, आणि घरात आजार लपवू नका, असंही म्हणाले.

आम्ही तर ह्यांच्या गोळ्यांना 'ताकदीच्या गोळ्या' म्हणायचो.

रात्री लेकीने त्या गोळ्यांबद्दल विचारलंच. ह्यांनी स्वतः सांगितलं, "डोक्यात गोंगाट व्हायचा बेटा, गोळीने शांत राहतो."

"दुखतं?"

"आता नाही."

तिने मैत्रिणीच्या वाट्यातल्या चार शेंगा पप्पांच्या हातावर ठेवल्या.