तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे चतुर येतात कुठून?

सातपुड्यातल्या पाल या गावी जंगल बघायला येणारे हमखास विचारतात: उन्हाळ्यात नाले कोरडे ठणठणीत असतात, मग पोळ्याच्या सुमारास एवढे चतुर (ड्रॅगनफ्लाय) येतात कुठून?

काही खरोखरच लांबून येतात. उघड्या रानावर घोळक्यानं, न टेकता घिरट्या घालणारे ते पिवळसर-केशरी चतुर. शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स. मोसमी वाऱ्यांसोबत येतात, मिळेल त्या डबक्यात अंडी घालतात आणि डबकं आटायच्या आत, दीड-दोन महिन्यांत, नवी पिढी पंख पसरते. ऑक्टोबरात त्यांचे थवे मालदीवला दिसतात. भारतातून निघून ते समुद्रावरून थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असं मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ मध्ये मांडलं. जीव केवढा, तर दोन इंचांच्या आत!

बाकीचे मात्र सातपुड्यातलेच, आणि मला त्यांचंच जास्त अप्रूप. एप्रिलमध्ये नाल्याची धार तुटते, तरी खडकांतले काही डोह तग धरतात. तळाशी सागाची कुजलेली पानं असतात. त्यातली ओंजळभर पांढऱ्या ताटलीत पसरा आणि जरा थांबा. मातकट, सहा पायांचा एक किडा हलू लागेल. हेच चतुराचं पिल्लू. खालचा ओठ तोंडाखाली घडी करून ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो ओठ झटक्यात पुढे जातो आणि अळी पकडून आणतो. घाबरलं तर पोटातलं पाणी मागून जोरात सोडतं आणि पुढे सटकतं. काही जाती महिनोन् महिने अशाच पाण्यात वाढतात. मग एके रात्री गवताच्या काडीवर चढून कात टाकतात. ती कात काठावर सहज सापडते: पाठीवर चिरलेली, आतून पांढरे धागे लोंबणारी. ते धागे म्हणजे श्वासनळ्यांचं अस्तर.

म्हणून डोह आटला की मला धस्स होतं. पावसाळ्यातल्या डबक्यानं परदेशी पाहुण्याचं भागतं, पण या पिल्लांना उन्हाळाभर पाणी लागतं. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीसाठी बोअर खोल खोल जातायत, ते पाहताना हे डोह आठवतात. आणि उरलेल्या डोहात कुणी साबण लावून गाडी धुतली, की मी भांडतो.

बघायला सप्टेंबरात या, ऊन चांगलं तापल्यावर. त्याआधी ते पंख शेकत गवतावर बसलेले असतात.