खानापूरच्या चाकावर क्लाइनची बाटली

बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडीनं खानापूरला उतरलो, तेव्हा पिशवीत कागदाच्या काही पट्ट्या आणि क्लाइनची बाटली नावाच्या गणिती आकाराचं एक चित्र होतं. मलप्रभेकाठचं हे गाव मातीकामाचं. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही इथंच. मला मात्र घरच्या चाकावर काम करणारं कुणीतरी हवं होतं. विचारत विचारत एका मामांच्या अंगणात पोचलो.

कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली आणि त्यांच्या हातात दिली. बोट न उचलता ते फिरवत गेले, दोन्ही बाजू संपवून पुन्हा सुरुवातीला आले. परत एकदा फिरवलं. १८५८ साली ही पट्टी म्योबिउस आणि लिस्टिंग या दोघा जर्मन गणितज्ञांना एकमेकांच्या नकळत सुचली. अशा दोन पट्ट्या कडेला कड लावून जोडल्या, की होते क्लाइनची बाटली. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी ती १८८२ साली मांडली. कागदानं ती जोडणी जमत नाही, म्हणून तर मी मातीकडे आलो होतो.

मामांनी चित्र बघून मान हलवली. "बंद भांडं भट्टीत घालायचं नसतंय ओ. वाफ कोंडली की फुटतंय. भोक ठेवाय पायजे."

मी खचलो. भोक पाडलं की त्याला कड येते, आणि या बाटलीला कड नसते. पण मामा चित्रावर बोट फिरवतच होते: पोट, वर निमुळता गळा, तोच वाकून कुशीतून पोटात शिरतो आणि बुडाशी तोंड उघडून बुडालाच जोडला जातो. "हिला वाट हाय की! वाफ गळ्यातनं खाली येतंय आणि बुडातनं भायेर."

ज्याला मी इतकी वर्षं 'आत-बाहेर नसलेला पृष्ठभाग' म्हणत होतो, त्याचा अर्थ मला त्या अंगणात कळला. कोंडायला आतच नाही.

पोट चाकावर झालं, नळी हातानं. गळा पोटात शिरतो तो सांधा अवघड. चार मितींत ती भेट टळते, आपल्या लांबी-रुंदी-उंचीच्या तीन मितींत भोसकण्यावाचून इलाज नाही. माझ्या घाईनं नळी ओलीच जोडली. सुकताना ती जास्त आकसली आणि सांध्याला तडा गेला. मामांनी मग दोन्ही तुकडे रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवले, ओल सारखी झाल्यावर सांध्याला ओरखडे काढले आणि पातळ चिखल लावून जोडलं.

महिन्यानं परत गेलो, तर बाटली भाजून तयार होती. मामींनी ती उलटी धरून, कलती करत करत बुडाच्या तोंडातून पाणी ओतलं. हवेलाही तीच वाट, त्यामुळे गुडगुड करत सावकाश भरली. थोड्या वेळानं पोट पाझरून ओलं झालं. मामांनी नळीत बोट घातलं.

"हितंबी ओलं. माठापरास गार होतंय बगा पाणी."