स्मरणचित्र

पुण्यात नदीकाठच्या एका पेठेतील शाळेत मी बरीच वर्षे चित्रकला शिकवीत आहे. मागच्या ऑगस्टमध्ये आठवीच्या वर्गाचा एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेचा सराव पेपर घेतला. स्मरणचित्राचा विषय मी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा दिला होता आणि चित्रात किमान तीन मानवाकृती असाव्यात, अशी अट घातली होती. शनिवारी शाळा सुटल्यावर तपासायला बसलो, तेव्हा ४१ कागदांपैकी बहुतेकांवर एकच दृश्य निघाले: डावीकडे झाड, उजवीकडे बसथांबा आणि मध्ये छत्र्या घेतलेली तीन पाठमोरी माणसे. माणसे पाठमोरी काढली की चेहरे काढावे लागत नाहीत आणि वेळ वाचतो, हे मुलांना मीच शिकवले आहे.

एक कागद मात्र वेगळा होता. खालपासून वरपर्यंत गढूळ तपकिरी रंग, तोही इतक्या पाण्यातून लावलेला की वाळताना कागद सुरकुतला होता. भिडे पुलाच्या जागी पाण्याची फक्त एक फेसाळ वळी, आणि अगदी वर, झेड ब्रिजच्या कठड्याला चिकटलेली तिळाएवढी माणसे. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की मुठेचे पाणी भिडे पुलावरून वाहू लागते आणि पूल बंद होतो, हे पेठेत कोणालाही सांगावे लागत नाही. मलाही ते कळले होते. तरी मी ३८ गुण दिले आणि लाल शाईने शेरा लिहिला, ‘मानवाकृती फार लहान. विषय स्पष्ट नाही.’

सोमवारी कागद वाटले. ती मुलगी टेबलाजवळ आली आणि म्हणाली, “सर, पण मी आजीबरोबर तिथं उभी होते. समोरची माणसं एवढीच दिसत होती.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तिला खरोखरच विचारायचे होते की चुकले कुठे. मला उत्तर देता आले नाही. सगळ्या वर्गात स्मरणातून चित्र काढले होते ते तिने एकटीने. बाकीच्यांनी चित्र स्मरणात ठेवले होते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी एकाच बरोबर उत्तराकडे जाणारा विचार आणि अनेक वाटांनी फुटणारा विचार असा फरक मांडला. प्रशिक्षणाच्या वर्षी मी तो पाठ केला होता. परीक्षा असूच नये, असे माझे म्हणणे नाही. हात बसायला सराव लागतो आणि परीक्षेमुळे तो होतो. पण पुढे इंटरमिजिएट या वरच्या चित्रकला परीक्षेतील श्रेणीवर दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आईवडील हमखास श्रेणी मिळवून देणारी चित्रे मागतात, आणि मी ती वर्षानुवर्षे फळ्यावर काढून देत आलो आहे.

दोन दिवसांनी मी तिला ते चित्र परत आणायला सांगितले. गुण बदलून ते वर्गात लावायचे होते. तिने घडी घातलेला कागद काढून दिला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने सात छत्र्या काढल्या होत्या, एकीपेक्षा दुसरी नीट, आणि शेवटच्या छत्रीखाली एक मोठा पाठमोरा माणूस होता.

“सर, आता जमतंय,” ती म्हणाली.