दोन एकर सामायिक: नाशिकमधले तीन दिवस

कसाऱ्याला तपोवन एक्सप्रेस थांबली, घाट चढायला मागून बँकर इंजिन लागल्याचा हलका धक्का बसला, आणि दरवेळेसारखं वाटलं, आता आलंच मामांचं गाव. खरं तर नाशिक रोडला उतरेपर्यंत अजून बराच वेळ होता. पण आमच्यासाठी नाशिक घाटापासूनच सुरू होतं.

या वेळी मी सुट्टीसाठी निघाले नव्हते. मामांचा फोन आला होता. "रविवारी सभा आहे. जागा विकायचा ठराव येतोय. तू दिवसभर सोसायट्यांचीच कागदपत्रं बघतेस ना? मग ये." मी डोंबिवलीत भाड्याने राहते आणि गृहनिर्माण संस्थांची कागदपत्रं तयार करणाऱ्या एका ऑफिसात काम करते. त्यामुळे 'जागा' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात.

जागेची गोष्ट अशी. मामा अंबडच्या कारखान्यात होते. त्यांच्यासारख्या अडतीस कामगारांनी 1993 साली पैसे जमवून शहराच्या उत्तरेला, दिंडोरी रस्त्याकडे, बिनशेती झालेली दोन एकर जमीन सोसायटीच्या नावावर घेतली. घरं बांधायची होती. मग कारखान्यात संप झाला, कुणाच्या मुलीचं लग्न निघालं, कुणाला आजारपण आलं, आणि बांधकाम राहूनच गेलं. सातबाऱ्यावर अजूनही सोसायटीचंच नाव आहे. अडतीसपैकी अकरा जण आता हयात नाहीत. आणि सिंहस्थ तोंडावर आल्यामुळे त्या बाजूला कोपऱ्याकोपऱ्यावर प्लॉटचे बोर्ड लागलेत.

मामा सिडकोत राहतात, त्रिमूर्ती चौकापासून चालत पाच मिनिटांवर. मला सिडको फार आवडतं. कारखान्यांत येणाऱ्या माणसांना परवडतील अशी छोटी घरं सरकारने मुद्दाम बांधली, जमीन 99 वर्षांच्या पट्ट्याने दिली, आणि त्यातून एक अख्खी कामगारवस्ती उभी राहिली. आज त्याच घरांवर मजले चढलेत, ओट्यांची दुकानं झालीत. मामांच्या घरात मात्र अजून तीच शहाबादी फरशी आहे. ज्या पिढीला घरातल्या एकाच्याच पगारावर हे घर मिळालं, तिच्या मुलांना त्याच चौकात भाड्याची खोली शोधताना दोनदा विचार करावा लागतो.

माझी मामेबहीण तेवीस वर्षांची आहे. डिप्लोमा झालाय, एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचं काम करते. शनिवारी रात्री ती मला गच्चीवर घेऊन गेली आणि पाठीमागे लपवलेली वही पुढे केली. सोसायटीचं इतिवृत्त. निळ्या पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली. पहिली तीस पानं सुंदर अक्षरात, मग अक्षर बदलत गेलेलं, आणि शेवटच्या आठ सभांच्या खाली फक्त 'गणपूर्तीअभावी तहकूब'.

"ताई, यात बघ. गेल्या कित्येक वर्षांत एकाही सभेला चाळिशीच्या आतलं कुणी नाही. सुरुवातीला सगळेच तिशीतले होते. तेच म्हातारे झाले. नवीन कुणी आलंच नाही."

मी तिला अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. 1961 साली चार्ल्स शेरॉड नावाचा चोवीस वर्षांचा तरुण, विद्यार्थ्यांच्या नागरी हक्क संघटनेचा कार्यकर्ता म्हणून, जॉर्जियातल्या ऑल्बनी गावात गेला. काळ्या शेतमजुरांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं की मालक त्यांना घराबाहेर काढायचे, कारण घर मालकाचं होतं. जमीन स्वतःची असल्याशिवाय मत स्वतःचं राहत नाही, हे त्याने तिथे पाहिलं. 1969 मध्ये त्याने आणि सोबत्यांनी 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था काढली आणि सुमारे 5,700 एकर जमीन सामायिक मालकीने घेतली. तीच पहिली कम्युनिटी लँड ट्रस्ट मानतात. जमीन ट्रस्टची, घर राहणाऱ्याचं, पट्टा लांब मुदतीचा, आणि घर विकायचं तर ठरलेल्या सूत्राने, म्हणजे पुढच्या गरजू माणसालाही ते परवडतं. यामागची एक मोठी प्रेरणा होती विनोबांचं ग्रामदान, म्हणजे गावातली जमीन अख्ख्या गावाच्या मालकीची करणं. शेरॉडसोबत काम करणाऱ्या रॉबर्ट स्वान यांच्यावर त्याचा ठसा होता. पुढे दुष्काळ पडले, कर्ज वेळेवर मिळालं नाही, आणि 1985 मध्ये ती जमीन गेली. काळ्या शेतकऱ्यांशी भेदभाव केल्याबद्दल सरकारला 2009 साली त्यांना भरपाई द्यावी लागली, आणि त्या पैशातून त्यांनी पुन्हा जमीन घेतली. तोवर त्यांच्या कल्पनेवर शेकडो ट्रस्ट उभ्या राहिल्या होत्या.

"विनोबांचं?" ती म्हणाली. "आपल्या विनोबांचं? गागोद्याच्या?"

हो. रायगडातल्या गागोद्यात जन्मलेल्या माणसाची कल्पना समुद्र ओलांडून गेली. 1951 साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकरांपासून भूदान सुरू झालं, पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरोठचं पहिलं ग्रामदान. आपल्याकडे ग्रामदानाचा कायदा 1964 चा आहे, आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2013 साली ग्रामदान करून दाखवलं. मला वाटतं, ही कल्पना परकी समजून टाकून देण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही.

मग मी तिला बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागाबद्दल सांगितलं. तिथल्या रहिवाशांनी 1984 साली संघटना बांधली, पडीक भूखंड ताब्यात घेतले, ट्रस्ट केली. त्यांच्या संचालक मंडळावर शाळकरी वयाच्या मुलांसाठी जागा राखीव आहेत. नुसतं बसायला नाही, मत द्यायला. जॉन बॅरोस तिथे किशोरवयात निवडून आला आणि पुढे त्याच संघटनेचा संचालक झाला.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला सहयोगी सदस्य करायचा अर्ज बाबांनी मागच्या महिन्यातच दिलाय. उद्या वाचून दाखवतील."

सहकार कायद्यात 2019 ला झालेल्या दुरुस्तीने हे सोपं झालंय. सभासदाच्या लेखी शिफारशीवरून त्याचा मुलगा, मुलगी, पती, पत्नी सहयोगी सदस्य होऊ शकतात आणि त्याच्या संमतीने त्याचे हक्क बजावू शकतात. माझ्या ऑफिसात हा अर्ज लोक बहुधा वडील अंथरुणाला खिळल्यावर मागायला येतात. धडधाकट असताना देणारे मामा मला पहिलेच भेटले.

सभा मारुती मंदिराच्या सभामंडपात होती. सतरंज्या, स्टीलच्या पेल्यांत चहा, कोपऱ्यात चपलांचा ढीग. वारस धरून बत्तीस जण जमले होते. गेल्या आठ सभांना मिळून तेवढे आले नसतील. ठराव आला: एका विकसकाची ऑफर आहे, जागा विकावी, पैसे वाटून घ्यावेत. मामेबहीण उठली. आधी तिने वडिलांच्या मित्रांना नमस्कार केला आणि मग भिंतीवर नकाशा चिकटवला. स्वतः काढलेला. दोन एकरांत जुन्या अडतीस जणांची छोटी घरं, आणि वरच्या मजल्यावर बावीस खोल्या अंबड-सातपूरला काम करणाऱ्या तरुण जोडप्यांसाठी.

"जमीन सोसायटीचीच राहील," ती म्हणाली. "कायद्यातच तसा प्रकार आहे. टेनन्ट ओनरशिप. घर सभासदाचं, जमीन संस्थेची. आपण त्यात एकच गोष्ट वाढवू. घर सोडायचं तर आधी संस्थेला द्यायचं. घातलेला पैसा आणि वाढीतला ठरलेला भाग मिळेल. बाजारभाव नाही."

मागच्या रांगेतले एक काका उठले. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "बेटा, तुझं बरोबर आहे. पण माझं वय एकाहत्तर. गुडघा बदलायचाय. मुलगा बंगळुरूला, तो परत यायचा नाही. मला घर नको गं, आता पैसे पाहिजेत."

मंडपात कुणी बोललं नाही. मला त्या काकांचं म्हणणं आजही खोडता येत नाही. तीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला तत्त्व सांगू नये. मामेबहीण म्हणाली, "काका, तुमचा हिस्सा आधी परत. नवीन सभासद आले की पहिले पैसे तुमचे. तारीख घालून ठरावात लिहू. आणि नवीन सभासद आणायचं काम आमचं, पोरांचं."

"आणि नाही आणले तर?"

"तर पुढच्या सभेत विकायचा ठराव मीच मांडते."

दीड तास चालली चर्चा. शेवटी विक्रीचा ठराव सहा महिने पुढे ढकलायचं ठरलं, एकवीस विरुद्ध नऊ, दोघं तटस्थ. पाच जणांची उपसमिती नेमली. त्यात दोन जागा पंचविशीच्या आतल्या सहयोगी सदस्यांना. नऊमध्ये ते काका होते. निघताना ते मामेबहिणीजवळ थांबले आणि शर्टच्या खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं. इतिवृत्त आता तिने लिहायचं होतं.

सोमवारी आम्ही दोघी स्कूटरवर दिंडोरीला गेलो. फेब्रुवारी संपत आलेला, द्राक्षांची खुडणी जोरात. सकाळी लवकर मजुरांच्या अड्ड्यावर पेठ-सुरगाण्याकडून आलेली माणसं उभी होती. चहाच्या गाडीवर एक मावशी आणि त्यांची एकोणीस वर्षांची लेक भेटली. हंगामात बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, हंगाम संपला की सुरगाण्याला परत. लेकीने मोबाइलवर वनपट्ट्याच्या कागदाचा फोटो दाखवला. आईवडील दोघांचं नाव. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेली ही जमीन वारसांना जाते, पण विकता येत नाही.

"मंग काय झालं?" मावशी म्हणाल्या. "इकायची हाये कुनाला? पोरांना ऱ्हाती ना."

लेकीची तक्रार वेगळी होती. गावातल्या वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असाव्या लागतात, त्या आहेत. पण तिच्या वयाच्या पोरांना फक्त फॉर्म भरायला बोलावतात. "जीपीएस आम्ही धरायचं, मोजायचं आम्ही. बैठकीत मात्र बाहेर बसा." अठरा पूर्ण झाल्यामुळे ग्रामसभेची ती सभासद आहेच. समितीत कधी घेणार, एवढंच तिला विचारायचं होतं.

तिथेच एका बाईंनी घरकुलाचं सांगितलं. घर बांधायला सरकारी अनुदान मिळतं, पण बांधायला पायाखाली जागा लागते. जागा विकत घ्यायला वेगळी सरकारी मदत आहे, 500 चौरस फुटांपर्यंत. पण द्राक्षांच्या पट्ट्यात त्या मदतीच्या पैशात कोण जागा देणार? ज्यांच्या हातून अख्ख्या तालुक्याचा माल क्रेटमध्ये भरला जातो, त्यांना त्या तालुक्यात उंबरा नाही. हे लिहिताना मला राग आवरत नाही.

दादासाहेब गायकवाड याच तालुक्यातल्या आंबे गावचे. 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात आघाडीवर राबणारे दादासाहेब तेव्हा तिशीच्या आत होते. भूमिहीनांसाठी 1959 आणि 1964 चे मोठे सत्याग्रह त्यांनीच उभे केले. मंदिराच्या दारातून सुरू झालेला त्यांचा रस्ता थेट शेताच्या बांधावर गेला. येताना आम्ही वाघाड धरणावरही थोडं थांबलो. ओझरच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी रुजवलेल्या पाणीवापर संस्थांनी इथे अख्ख्या प्रकल्पाचं पाणी शेतकऱ्यांच्या हाती आणलं, मोजून घ्यायला लावलं. पाणी सामायिक ठेवता येतं हे या तालुक्याला कुणी वेगळं शिकवायला नको.

परतीच्या वाटेवर मामांची जागा. उपसमितीतला दुसरा पोरगा, एका दिवंगत सभासदाचा नातू, आधीच येऊन थांबला होता. हातात कोयता. जुन्या मोजणीत चार हद्दीचे दगड दाखवलेत. दोन सापडले होते, तिसरा रस्त्याच्या कामात गेला असावा. चौथा घाणेरीच्या जाळीत असणार, असं नकाशावरून वाटत होतं.

तासभर गेला. काट्यांनी हात ओरबाडले. मी मोबाइलवरचा नकाशा धरून उभी, मामेबहीण पावलं मोजत, तो पोरगा खाली वाकून झुडपं तोडत. मग कोयता कशावर तरी टणकन वाजला. माती बाजूला केली तर वीतभर दगड वर आला, वरच्या बाजूला छिन्नीने कोरलेली बाणाची खूण, त्यात मुंग्यांचं वारूळ. मामेबहिणीने फुंकर मारून माती काढली. पोराने पिशवीतून चुन्याची पुडी काढली, बाटलीतलं पाणी ओतलं, आणि बोटानेच दगडाला पांढरा रंग द्यायला लागला.

"फोटो काढ," ती म्हणाली. "आणि तारीख लिही. इतिवृत्तात घालायचंय."

मी फोटो काढला. उन्हात चुना लगेच वाळत होता, म्हणून त्याने दुसरा हात द्यायला घेतला.