नवापूरचं बाकडं आणि पट्टानी

परवा सुरतहून येताना नवापूरला गाडी थांबली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अन अर्धं गुजरातमध्ये आहे, एक बाकडं तर दोन राज्यांत वाटलेलं, लोक त्यावर बसून फोटो काढतात. मी मात्र थायलंडच्या पट्टानीचा विचार करत बसलो, कारण सध्या तेच वाचतोय.

पट्टानी, याला, नराथिवात हे थायलंडच्या पार दक्षिणेचे प्रांत, मलेशियाच्या हद्दीजवळ. बहुतेक लोक मलय बोलणारे मुसलमान. आधी तिथं स्वतःची सल्तनत होती, ती सयामने (म्हणजे तेव्हाच्या थायलंडने) जिंकली, आणि मग १९०९ ला सयाम आणि इंग्रजांनी करार करून हद्द ठरवली. केदा, केलांतन, तेरेंगानू, पर्लिस इंग्रजांकडे, पट्टानी सयामकडेच. तिथल्या माणसांना कोणी विचारलंच नाही.

पुढे तिथल्या काहींनी थाई सरकारविरुद्ध बंदूक उचलली. पण नुसत्या रेषेने कोणी बंदूक उचलत नाही असं मला मनापासून वाटतं, खरं दुखणं शाळेतून सुरू झालं. १९२१ ला कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेही थाई भाषेत. पुढे फिबुन या लष्करी हुकूमशहाच्या राजवटीत तर मलय भाषा, मलय पोशाख सगळ्यावरच टाच आली. पहिलीत मी अहिराणीत उत्तर दिलं म्हणून बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते अजून टोचतं, आणि आपली अहिराणी तर मराठीच्या शेजारची. त्या पोरांना तर भाषा परकी, लिपी परकी, धर्मही वेगळा.

१९४७ ला हाजी सुलोंग नावाच्या धर्मगुरूंनी सरकारपुढे सात मागण्या ठेवल्या. प्राथमिक शाळेत मलय शिकवा, इथला कर इथेच खर्च करा, प्रांतांचा प्रमुख इथलाच असू द्या, अशा. यात वेगळा देश कुठे मागितलाय सांगा! तरी १९४८ च्या जानेवारीत त्यांना अटक झाली, सुटून आले आणि १९५४ ला पोलिसांनी बोलावलं म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. सशस्त्र संघटना त्यानंतरच्या, बीआरएन १९६० ची, पुलो १९६८ ची. हा क्रम लक्षात न घेता लोक थेट 'दहशतवाद' म्हणून मोकळे होतात, याचा मला फार त्रास होतो.

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये नराथिवातमधल्या ताक बाई गावात निदर्शनं झाली, पकडलेल्यांचे हात बांधून लष्करी ट्रकांत एकावर एक रचलं, रमजानचे दिवस होते, वाटेतच ७८ जण मेले, त्या दिवशीचे एकूण बळी ८५. त्या खटल्याची २० वर्षांची मुदत २०२४ ला संपली, तोवर एकही आरोपी कोर्टात उभा राहिला नव्हता.