मॅन्युअल डेमो आणि माझी वॅगन आर

"मॅडम, डेमो गाडी आत्ताच बाहेर गेली. बसा ना, कॉफी घेता?"

हे वाक्य मी एकाच शोरूममध्ये पुन्हा पुन्हा ऐकलं. कॉफी मशीनची होती आणि गोडमिट्ट.

माझ्याकडे २००८ची वॅगन आर एलएक्सआय आहे. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर २०२३ मध्ये पाच हजार फी भरून नोंदणी आणखी पाच वर्षांनी वाढवून घेतली. आरटीओचं नाव काढलं की लोक कपाळाला हात लावतात, माझं काम दोन फेऱ्यांत झालं. पण लेक ऐकेना. "आई, तिच्यात एकही एअरबॅग नाही." यावर काय बोलणार! हल्ली लहान गाडीतही सहा येतात. म्हणून नव्या गाडीच्या टेस्ट ड्राइव्हला निघाले.

पहिल्या दोन शोरूममध्ये लायसन्सचा फोटो, मोबाइलवर ओटीपी, चक्कर, संपलं. सांगण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या ठिकाणी फोनवरच स्पष्ट सांगितलं होतं : मॅन्युअल, म्हणजे हाताने गिअर टाकायची हवी, मधलं व्हेरियंट. "हो मॅडम, आहे ना!" पोचले तर वॉचमनने माझी गाडी बघून शिट्टी फुंकली. "इथं नाही, ग्राहकांचं पार्किंग आहे." मग मी कोण? निमूटपणे बाहेर सर्व्हिस रोडला लावली.

पन्नास मिनिटांनी जी गाडी आली ती ऑटोमॅटिक, टॉप मॉडेल, वर सनरूफ. "चालवायला एकदम सोपी, लेडीजसाठी बेस्ट," इति सेल्सवाला पोरगा. अरे बाबा, सतरा वर्षं मी गिअर टाकतेय! वर, "सर नाही आले?" सर घरी होते. सरांना गाडी येत नाही. तरी बसले. पुण्यातल्या वारज्याच्या पुलाखालून यू-टर्न आणि परत, पूर्ण रस्ता सपाट, शेजारी हा फीचर्स वाचून दाखवतोय. एसी कमी करायला स्क्रीनकडे बघावं लागलं, तेवढ्यात पुढे स्कूटर आली.

पुढच्या शनिवारी मॅन्युअल होती, पण पेट्रोलचा काटा तळाला. एकजण पंपावर घेऊन गेला तो पाऊण तासाने उगवला, आणि तोवर दुसरं गिऱ्हाईक चावीसाठी उभं. त्यांचं म्हणे बुकिंग होतं. माझं काय होतं मग? तिसऱ्या शनिवारी गाडी सर्व्हिसिंगला गेलेली. फोन करून कळवायला काय झालं होतं?

याच बसण्या-उठण्यात एक्स्चेंजवाला येऊन गेला. मी बोलावलं नव्हतं. बॉनेट उघडलं, दाराच्या कडांवरून बोट फिरवलं, खालच्या गंजाचे फोटो काढले आणि म्हणाला, "अठ्ठावीस हजार. भंगारापेक्षा बरे." नवी गाडी चालवायला मिळायच्या आधी जुनीची किंमत! तेव्हा पहिली गोष्ट ही करा : टेस्ट ड्राइव्ह होईपर्यंत जुन्या गाडीची चावी कुणाच्या हातात देऊ नका.

त्या दिवशी चिडून बाहेर येऊन माझ्या गाडीत नुसती बसून राहिले. उंच सीट, मोठाल्या काचा, समोरच्या काचेच्या बाजूचे खांब बारीक. वळणावर माणूस लपत नाही. एसीचा खटका न बघता हाताला लागतो. इंजिन १०६१ सीसीचंच, पण चार सिलिंडरचं. हल्ली या आकाराच्या बऱ्याच गाड्यांत तीन असतात, आणि सिग्नलला उभं राहिलं की त्यांची थरथर मला पायाला जाणवते. इतकी वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मोहही झाला. पहिल्या दोन शोरूममधल्या एका गाडीत चढावर ब्रेक सोडला तरी गाडी क्षणभर मागे येत नाही. आमच्या सोसायटीच्या रॅम्पवर मी रोज हँडब्रेकशी झुंजते, त्यामुळे ते फार आवडलं. मागचा कॅमेराही.

हो, राहिलंच : निघण्याआधी व्हॉट्सॲपवर गिअरच्या दांड्याचा फोटो मागवा. "आहे" या शब्दावर जाऊ नका. आणि मागच्या सीटवर घरातल्या थोरल्यांना बसवून न्या. माझ्या सासूबाईंनी एका गाडीत पाय वर घेतानाच निकाल दिला. चक्कर तुमच्या रस्त्यावर मागा, शक्यतो संध्याकाळी सहाला कर्वे रस्त्यावर. नाही म्हणतील. तरी मागा.

परवा गॅरेजमध्ये क्लचप्लेट बदलून घेतली. "ताई, इंजिन अजून घट्ट आहे, कशाला विकता?" गॅरेजवाला म्हणाला. पैसे देत होते तेवढ्यात फोन वाजला. "मॅडम, मॅन्युअल डेमो आलीये, टाकी फुल्ल!"

शनिवारी येते म्हटलं. आणि वॉचमनला सांगून ठेव, गाडी आत लावणार आहे.